लग्नतिथी संपल्या की कॅमेरा कसा ठेवायचा

‘लेन्सला बुरशी लागते ती मुंबईत, कोकणात. आपल्या परभणीत कुठली आलीय ओल?’ लग्नाचे फोटो काढायच्या आमच्या धंद्यातली निम्मी पोरं असंच म्हणतात. मे महिन्यात ओठ फुटतात इतकी हवा कोरडी असते, हे खरंच आहे. पण आपल्याकडं कॅमेरा कधी पडून राहतो ते बघा. आषाढी एकादशीच्या आसपास तिथी संपतात, त्या तुळशीचं लग्न लागल्यावर पुन्हा सुरू होतात. मधे काढीव मुहूर्त असतात, पण मोजकेच. म्हणजे बॅगेची चेन बंद होते ती बरोबर पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी, आणि मराठवाड्यात सप्टेंबरची झड कशी लागते ते वेगळं सांगायला नको.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडं असतात, नव्या लेन्सच्या आतसुद्धा. आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली, अंधार असला, हवा कोंडली की ते रुजतात. आपल्याला डब्यातली हवा 40 ते 50 टक्क्यांवर ठेवायची आहे. सगळी खटपट एवढ्यासाठीच.

डब्याआधी सफाई. माझ्या मते यातच अर्धं काम होतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. हळदीचा कार्यक्रम करून आलेला कॅमेरा उजेडात नीट बघा: ग्रिपच्या रबराच्या खाचेत पिवळं बसलेलं असतं, झूम रिंगवर तेलकट बोटं, व्ह्यूफाइंडरच्या कडेला घामाचं मीठ. बुरशीला खायला हेच लागतं. आधी हवेच्या रबरी पंपानं धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे कण काचेवर बसतात. पट्टा काढून साबणाच्या पाण्यात धुवा आणि पार वाळू द्या. चार महिन्यांचा घाम प्यालेला पट्टा डब्यात घालणं म्हणजे ओला टॉवेल कपाटात ठेवणं. बॅटरी बाहेर काढून अर्ध्या चार्जवर ठेवायची. फ्लॅशमधले सेल तर काढाच, ते गळले की आतल्या पट्ट्या खातात.

आता ठेवायचं कुठं? बॅगेत नाही. फोम आणि कापड ओल धरून ठेवतात, आणि चामड्याच्या जुन्या केसवर बुरशी आवडीनं वाढते. लोखंडी कपाटही नको, त्यातून जर ते बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर अजिबातच नको. रबरी कडेचा, चारी बाजूंनी क्लिप लागणारा प्लास्टिकचा 20 लिटरचा डबा घ्या. त्यात पाव किलो सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे खडे, कापडी पुरचुंडीत घाला आणि आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा.

हायग्रोमीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, पण विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर एका झिप पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी 75 टक्के दिसायला हवेत. 70 दाखवला तर तुमचा मीटर पाचनं कमी दाखवतो, एवढं डब्यावर लिहून ठेवा.

निळी जेल ओल पिऊन गुलाबी होते, केशरी जेल हिरवी पडते. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोनेक तास तापवायची. ओव्हन नसेल तर जुन्या लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत राहा, रंग परत येतो. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं मीठ असतं, ते विषारी. ती कढई किंवा ट्रे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. तापलेली जेल लगेच डब्यात न घालता बरणीत घट्ट झाकून गार करा, उघडी ठेवली की ती तिथंच ओल प्यायला लागते. मीटर 30च्या खाली गेला तर थोडी जेल काढून घ्या, फार कोरडी हवा रबराला मानवत नाही.

दोन कॅमेरा बॉड्या आणि चार-पाच लेन्सच्या वर सामान असेल तर मात्र ड्राय कॅबिनेटच घ्या, म्हणजे आतली आर्द्रता आपोआप कमी ठेवणारं विजेवरचं कपाट; ते 45 टक्क्यांवर लावा आणि विसरा. लाइट गेली तरी दार उघडलं नाही तर आतली हवा काही तास तशीच राहते.

तांदळाचा डबा नको. तांदूळ फारशी ओल ओढत नाहीत, वर पीठ सोडतात. डांबरगोळ्या तर मुळीच नको, त्यांची वाफ काचेवर थर धरते.

कूलरचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर कोरडं असतं, पण खिडक्या लावून कूलर चालवला की खोली चांगलीच दमट होते. ज्या खोलीत कूलर, त्या खोलीत कॅमेरा उघडा ठेवायचा नाही.

आठवड्याला एकदा, झड नसेल त्या दिवशी, सामान बाहेर काढा. झूम आणि फोकस रिंग फिरवा, दहा-वीस शॉट मारा. मग लेन्सची दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. धुळीचे ठिपके चालतात, फोटोत येत नाहीत. काचेच्या कडेपासून आत सरकणारे, फांद्या फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी. ती बहुतेक आतल्या काचेवर असते, वरून पुसून जात नाही. लेन्स भर उन्हात वाळवू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या (उजेड कमी-जास्त करणाऱ्या) ब्लेडवर येतं. घरी खोलूही नका. लगेच कारागिराकडं द्या. बुरशीचं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं. लवकर धुतली तर काच स्वच्छ निघते, दिवाळीपर्यंत थांबलात तर धागे जातात पण त्यांचे डाग तसेच राहतात.