करिक्युलममध्ये (अभ्यासक्रम रचनेत) मास्टर्स करायचंय? बडोद्यातल्या शिक्षकांनी कुठून सुरुवात करावी

बीएड झालं, काही वर्षं शिकवून झालं, आता पुढे काय करू, असं दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या शिक्षक मैत्रिणी सारख्या विचारतात, म्हणून सगळं एकत्रच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, नावात अडकू नका. अमेरिकेत 'करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन' नावाची सरळ मास्टर्स मिळते, साधारण 30 ते 36 क्रेडिटची. आपल्याकडे हाच विषय बहुतेक ठिकाणी एमएड नाहीतर एमए एज्युकेशनच्या पोटात येतो, त्यामुळे कोर्सचं नाव सोडा आणि सिलॅबस उघडून त्यात करिक्युलम, मूल्यमापन आणि संशोधन किती आहे ते बघा.

एमएड एनसीटीईच्या (शिक्षक प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या) 2014 च्या नियमांप्रमाणे 2 वर्षांचं आहे, बीएडला 50 टक्के लागतात, किंवा डीएलएड (प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा) आणि ग्रॅज्युएशन दोन्हीला 50-50 असले तरी चालतं. पण हजेरीचं नीट ऐका, थिअरीला 80 टक्के आणि फील्डच्या कामाला 90 टक्के, म्हणजे नोकरी सांभाळून "बघू, जमवू" असं होत नाही, मॅनेजमेंटशी रजेचं आधी बोला आणि लेखी घ्या, तोंडी 'हो' जूनमध्ये कुणाच्या लक्षात राहत नाही. रजा मिळतच नसेल तर इग्नूचं एमए एज्युकेशन आहे, कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएटला चालतं, घरून अभ्यास करता येतो. फक्त पुढे बीएड कॉलेजात मेथड, म्हणजे एखादा विषय कसा शिकवायचा ते, शिकवायचं मनात असेल तर त्या जागेला तुमच्या विषयातली मास्टर्स आणि एमएड, दोन्ही 55 टक्क्यांनी लागतात, तेव्हा आत्ताच ठरवा कुठे जायचंय.

बडोद्यात राहून हे करताय तर तुम्ही खरंच नशीबवान आहात. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं, आणि मुलं शाळेत आली की त्यांना शिकवायचं काय हा प्रश्न आपोआप येतोच, तोच तर आपला विषय. एमएस युनिव्हर्सिटीच्या एज्युकेशन फॅकल्टीत 'केस' म्हणजे सेंटर ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशन आहे, भारतातल्या शिक्षण संशोधनाचा पहिला सर्व्हे एम. बी. बुच यांनी 1974 साली तिथूनच काढला. फॉर्म भरायच्या आधी एकदा तिथे जाऊन शिक्षकांशी बोलून या, कोण कशावर काम करतं ते कळलं की गाईड निवडणं सोपं जातं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अॅडमिशन घेण्याआधी आपल्या वर्गातला एक प्रश्न पक्का करा. उदाहरण देते. पाचवीत मुलं हमखास 1/4 ला 1/3 पेक्षा मोठं म्हणतात, का तर 4 मोठे. आपण काय करतो, परत समजावतो, परत गृहपाठ देतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलरने 1949 मध्ये चार प्रश्न मांडले होते, ते इथे लावून बघा: हे शिकवून साधायचं काय आहे, त्यासाठी मुलांना कुठला अनुभव द्यायचा, तो कुठल्या क्रमाने, आणि जमलं की नाही हे ओळखायचं कसं. मग दिसतं की भाकरीचे तुकडे प्रत्यक्ष वाटण्याआधीच आपण वर-खाली आकडे लिहायला लावतो, म्हणजे घोळ क्रमात आहे, आणि युनिट टेस्टमध्ये फक्त बेरीज विचारतो म्हणून तो घोळ कुणाला दिसतही नाही. मूल ढ नाहीये हो! असा एक प्रश्न वहीत मुलांच्या उत्तरांसकट लिहून ठेवलात की इंटरव्ह्यू, सिनॉप्सिस, डेझर्टेशन सगळं त्यातूनच निघतं.

आपल्याकडे तर विषयांची खाणच आहे, घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशी मुलं एकाच बाकावर बसतात, गणितातला शाब्दिक प्रश्न त्यांना भाषेमुळे अडतो का गणितामुळे हे कुणीतरी नीट बघायला हवं. मुलांवर काही करून बघणार असाल तर प्रिन्सिपल आणि पालक दोघांची परवानगी आधी घ्या.

वाचायला शोधगंगा ही वेबसाइट फुकट आहे, पीएचडीचे प्रबंध तिथे पूर्ण मिळतात, आपल्या विषयाजवळचे दोन-तीन काढून त्यांची प्रश्नावली आणि शेवटच्या शिफारशी वाचा. एनईपी 2020 (राष्ट्रीय शैक्षणिक धोरण) आणि 2023 चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही हाताशी ठेवा, पण परीक्षेपुरता नको, आपल्या इयत्तेचा भाग घेऊन आपल्या पाठ्यपुस्तकाशी ताडून बघा.

परदेशी ऑनलाइन मास्टर्सच्या जाहिराती फोनवर येत राहतात. त्यातल्या काही चांगल्या असतीलही, पण इथल्या नोकरीला ती पदवी चालेल का, समकक्षता मिळेल का, हे पैसे भरायच्या आधी तपासा. भारतातला डिस्टन्स किंवा ऑनलाइन कोर्स असेल तर युजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या यादीत त्या वर्षासाठी नाव आहे ना ते बघा, एमएड कॉलेज असेल तर एनसीटीईची मान्यता. एजंट काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

कागदपत्रं मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच गोळा करा, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, अनुभवाचा दाखला, शाळेची एनओसी, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा, कारण मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की फॉर्म तिथेच अडकतो.