हार्डनेस कमी आली? परत भट्टीत टाकण्याआधी हे करा

ईएन ३१ या हाय-कार्बन पोलादाचा जॉब भट्टीत तापवून, ऑइलमध्ये थंड करून निघाला, ६० एचआरसी (हार्डनेसचं रॉकवेल सी माप) हवी आणि हार्डनेस मोजायचं मशीन ५२ दाखवतंय. थांबा! बऱ्याचदा आपण वरची, कार्बन जळालेली मऊ कातडीच मोजत असतो.

१. ग्राइंडिंग अलाउन्स (नंतर घासून काढायला ठेवलेला जादा थर) असलेल्या जागी ०.३ ते ०.५ मिमी घासा.
२. जॉबची खालची बाजू आणि अॅनव्हिल (मशीनवर जॉब ठेवायची बैठक) कापडानं पुसा. भट्टीत धरलेल्या खपलीचा एवढासा कण अडकला तरी रीडिंग पडतं, आणि हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं.
३. पहिलं रीडिंग सोडा, पुढची तीन धरा.

घासताना पाणी मारत राहा. जागा निळी पडली की तिथली हार्डनेस खरंच उतरली.