दोन फुटांच्या टाकीसाठी वेगळे आणि एकमेकांशी जुळणारे मासे कसे निवडावेत

गोव्यातल्या बहुतेक घरांत मासे पाळण्याची सुरुवात दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा काचेच्या टाकीने होते. या टाकीत हिशेबाने सुमारे ५७ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास उरते. एवढ्या पाण्यात 'काहीतरी वेगळे' ठेवायचे म्हणून दुकानातून बोटाएवढा 'शार्क' आणला जातो. हा मासा मुळात मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतला असून पूर्ण वाढल्यावर एक मीटरहून लांब होतो. काच साफ ठेवील या आशेने आणलेला सकर मासा एक फुटाच्याही पुढे जातो. गुलाबी-हिरव्या झाक असलेल्या काचमाशांना तर सुईने रंग टोचलेला असतो. तो काही महिन्यांत ओसरतो आणि मासा मात्र त्या जखमांमुळे रोगाला बळी पडू शकतो. म्हणून लहान टाकीतले वेगळेपण आकारात किंवा रंगात न शोधता माशाच्या वागण्यात शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली पायरी पाण्याची आहे, आणि ती दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच पूर्ण करावी. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू (कमी क्षारांचे) आणि किंचित आम्लधर्मी असते. किनारपट्टीवरच्या काही विहिरींत उन्हाळ्यात खारेपणा उतरतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा त्यात क्लोरीन काढणारे औषध घालावे, आणि मग थेंबांच्या चाचणी-संचाने पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचे माप, मोजून वहीत लिहून ठेवावा. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. माझ्या पहिल्या टाकीत मी किनाऱ्यावरून वेचून आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या हौसेने मांडल्या होत्या. पाण्याचा पीएच महिन्याभरात चढत गेला, मृदू पाण्याची सवय असलेले टेट्रा फिके पडले, आणि कारण कळेपर्यंत त्यांतले चार मेले. शिंपल्या आणि प्रवाळ चुन्याचे बनलेले असतात व पाण्यात हळूहळू विरघळून ते जड करतात. कोणत्याही दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर स्वयंपाकघरातल्या विनेगरचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो दगड टाकीबाहेरच बरा.

दुसरी पायरी तापमानाची. आपल्याकडे हीटर सहसा लागत नाही; खरी अडचण एप्रिल-मे महिन्यांत येते, जेव्हा बंद खोलीतल्या टाकीचे पाणी ३० अंशांच्या पुढे जाते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.६. त्यामुळे म्यानमारमधला ठिपकेदार गॅलेक्सी रासबोरा कितीही मोहक वाटला, तरी थंडाव्याची आवड असलेला तो मासा आपल्या उन्हाळ्यासाठी नाही. व्हाइट क्लाउड आणि गोल्डफिश यांनाही हेच लागू होते.

यानंतर टाकीचे वरचा, मधला आणि तळाचा असे तीन थर मनात धरावेत, प्रत्येक थराला एकच जात नेमावी, आणि प्रत्येक जातीबाबत तिची पूर्ण वाढलेली लांबी किती, तिच्या तोंडात दुसरा मासा मावेल का आणि ती थव्याने राहते की एकटी, एवढे दुकानदाराला विचारावे. मृदू पाण्यासाठी मी सुचवीन तो मेळ असा: वरच्या थरात हनी गुरामीचा एक नर आणि दोन माद्या, मध्ये दहा एंबर टेट्रा, तळाशी सहा कुली लोच. हनी गुरामी मुळात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, पाच सेंटीमीटरचा शांत मासा आहे. तो पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे पावसाळ्यात वीज जाऊन पंप बंद पडला तरी तो तग धरतो. एंबर टेट्रा जेमतेम दोन सेंटीमीटरचा असतो, पण दहा जण एकत्र असले तरच त्यांचा निखाऱ्यासारखा रंग खुलतो. तिघे-चौघे ठेवले तर ते पानांआड दडून बसतात.

कुली लोचविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण एवढा वेगळा मासा इतक्या लहान जागेत क्वचितच राहू शकतो. तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांचा, गांडुळासारखा सडपातळ असा हा मासा दिवसभर लपून राहतो. रात्री खोलीतला दिवा मालवून टाकीशेजारी शांत बसले की आधी दगडाखालून मिशा बाहेर येतात, मग एकामागून एक सगळे वाळूवर उतरून दाणे चाळू लागतात. टोकदार खडीने त्यांचे तोंड सोलवटते, म्हणून बारीक, गुळगुळीत वाळूच घालावी. अंगणातल्या जंगली बदामाची (टर्मिनालिया कटाप्पा) गळून पूर्ण सुकलेली दोन-तीन पाने धुऊन तळाशी टाकली तर त्यांना आडोसा मिळतो आणि पाणी चहाच्या फिक्या रंगाचे होऊन किंचित आम्लधर्मी राहते. याच कुळातील एका जातीचे वर्णन १९७२ साली गोव्यातूनच झाले आणि तिच्या शास्त्रीय नावात 'गोआएन्सिस' आहे, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे.

गुरामीऐवजी स्पार्कलिंग गुरामीही चालेल. चार सेंटीमीटरचा हा मासा रात्री करकर असा आवाज काढतो आणि तो काचेबाहेर ऐकू येतो. मात्र दोन्ही गुरामी एकत्र ठेवू नयेत. पाणी जड असेल तर एंडलर गप्पी निवडावेत. गोवा आणि शेजारच्या कर्नाटकातील घाटांच्या ओढ्यांत राहणारा नारायण बार्ब कोणी पैदास करून विकत असेल, तर आठ जणांचा थवा कुली लोचसोबत ठेवावा; बार्ब चपळ असल्याने गुरामी तेव्हा वगळावा. ओढ्यातून तो स्वतः धरून आणू नये, कारण त्याचा अधिवास मुळातच फार थोडा आहे.

निवड करताना चतुर्थीचाही विचार करावा. घर बंद ठेवून पाच दिवस मूळ घरी जाणाऱ्यांनी जिवंत खाद्यावरच जगणारा स्कार्लेट बॅडिस घेऊ नये. वर सुचवलेल्या मेळातले प्रौढ मासे पाच दिवस उपाशी राहू शकतात. शेजाऱ्याकडून पडणारे जादा खाद्य कुजून त्यांचे जास्त नुकसान करते.

फिल्टर सुरू करून, अमोनिया (माशांच्या विष्ठेतून होणारे विष) पचवणारे जिवाणू रुजण्यासाठी चार ते सहा आठवडे द्यावेत. अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य दिसल्यावरच आधी लोच, दोन आठवड्यांनी टेट्रा आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी गुरामी सोडावेत, कारण आधी आलेला गुरामी संपूर्ण टाकी आपली समजतो. पिशवी २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, तिच्यात टाकीचे पाणी थोडे थोडे मिसळावे, आणि मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. पहिला आठवडा रोज दहा मिनिटे निरीक्षण करावे. एखादा मासा पर मिटून कोपऱ्यात राहत असेल किंवा त्याचा सतत पाठलाग होत असेल तर त्याला वेगळे करून दुकानात परत द्यावे. नदीत, तळ्यात किंवा शेताच्या पाटात तो कधीही सोडू नये.