इंजिन सुरू, पण करंट नाही? जनरेटरच्या या चुका टाळा

नवतप्यात नागपुरात लाइट गेली की घर भट्टीसारखं तापतं. जनरेटर बाहेर काढला, दोरी ओढली, इंजिन धडधडलं. पण कूलरचं पातं हललं नाही. अशा वेळी बहुतेक जण ‘एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गेला’ म्हणून नवा घेऊन येतात. मागच्या उन्हाळ्यात मीही तेच केलं, तरी व्होल्टेज आलं नाही. शेवटी मागचं झाकण उघडलं, तेव्हा कार्बन ब्रश धुळीने होल्डरमध्ये अडकलेला दिसला. तो स्लिप रिंगला, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या कडीला, टेकतच नव्हता.

म्हणून आधी सगळे प्लग काढा, ब्रेकर पुन्हा चढवा आणि मल्टिमीटरने जनरेटरच्याच सॉकेटवर मोजा. तिथे २३० व्होल्टच्या आसपास असेल, तर दोष पुढच्या वायरीत किंवा कूलरमध्ये. ब्रशवाल्या मशीनमध्ये दोन-पाच व्होल्टच दिसले, तर वीज बनायला सुरुवात करून देणारं आतलं चुंबकत्व शिल्लक आहे; ब्रश, एव्हीआर आणि वाइंडिंग (तारेची गुंडाळी) तपासा. अगदी शून्य असेल, तर तार तुटली असेल किंवा बराच काळ पडून राहिल्याने चुंबकत्व गेलं असेल. ते १२ व्होल्टच्या बॅटरीने परत आणता येतं, पण एव्हीआरच्या तारा सोडवून आणि प्लस-मायनस सांभाळून. हे काम मेकॅनिकलाच करू द्या. बिनब्रशच्या छोट्या मशीनमध्ये बहुधा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो. इंजिन बंद केल्यावरही तो झटका देऊ शकतो.

व्होल्टेज कमी म्हणून गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग ठरवणारा, स्क्रू पिळणं ही सगळ्यात महाग चूक. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी ३००० आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतो. मीटरवर हर्ट्झ बरोबर असेल, तर स्क्रूला हात लावू नका.

कूलर लावताच इंजिन दबत असेल, तर ओव्हरलोड किंवा बारीक वायर बघा. मोटर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट घेते, म्हणून मोठी मोटर आधी सुरू करा, बाकीचं नंतर.

दोन्हीकडे प्लग लावलेली वायर घरच्या सॉकेटमध्ये कधीच घालू नका. करंट उलटा बाहेरच्या लाइनमध्ये जाऊन खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाईल. घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यापैकी एकालाच जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. जनरेटर खोलीत किंवा बंद व्हरांड्यात चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

आणि बंद करताना आधी लोड काढा, मग इंजिन. लोड असतानाच पेट्रोल संपू दिलं, तर चुंबकत्व तिथेच जाऊ शकतं.