मिल्टला पाण्याचा थेंबही लागू देऊ नका

रोहू, कटला किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) माशाच्या नराचं मिल्ट, म्हणजे शुक्राणू असलेलं वीर्य, साठवणीसाठी काढण्याआधी त्या नराचं पोट आणि जननछिद्राचा भाग टॉवेलने अगदी कोरडा करा. इथे घाई नकोच. गोडं पाणी लागलं की शुक्राणू लगेच पोहू लागतात आणि मिनिटभरात थकून संपतात. मग बर्फाचाही उपयोग नाही. मूत्रानेही तेच होतं, म्हणून पहिले पाणचट थेंब टाकूनच द्या. दुधासारखं दाट मिल्ट कोरड्या भांड्यात पातळ थरात घ्या, शुक्राणूंना हवा लागते. भांडं थेट बर्फावर न ठेवता मध्ये जाड कापड घाला. ४ अंशांच्या आसपास ठेवा, गोठू देऊ नका. वापरण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा: पाणी न घालताच वळवळ दिसली, तर ते मिल्ट साठवणीतून बाद करा.