गणपतीला गावी निघण्याआधी फोन मोकळा करताना

फोटो-व्हिडिओ क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात, चढवून (यालाच बॅकअप म्हणतात) मग फोनमधून उडवायचं हे काम निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. दोन-तीन वर्षांचे व्हिडिओ क्लाउडवर चढायला घरचं वायफाय असूनही एखाद-दोन रात्री सहज जातात, आणि कोकणात पोहोचल्यावर रेंजचा भरवसा नाही. आठवडाभर आधी सुरू करा, रोज रात्री फोन चार्जिंगला लावून ठेवा.

मी लिहितोय ते अँड्रॉइड फोन आणि गूगल फोटोजबद्दल. सगळ्यात आधी फोटो कोणत्या खात्यात जातायत ते बघा. अ‍ॅप उघडून वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवलं की जीमेलचा पत्ता दिसतो आणि बॅकअप पूर्ण झालाय की अजून काही बाकी आहे, तेही कळतं. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर हे हमखास तपासा. फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं खातं असतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. तसं असेल तर फोनमधला एकही फोटो उडवू नका. आधी पासवर्ड बदलून घ्या, स्वतःचा नंबर जोडा.

मग जागा. गूगलचे फुकट १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात, आणि १ जून २०२१ नंतर कमी दर्जात चढवलेले फोटोही त्यात मोजले जातात. ते भरले की बॅकअप थांबतो. जुन्या मेलमधल्या जड फाइल्स काढल्या तरी थोडी जागा होते. शिवाय बॅकअपला कॅमेऱ्याचं फोल्डर आपोआप असतं, व्हॉट्सअ‍ॅपचं मात्र स्वतः चालू करावं लागतं. बारशाचे फोटो मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले असतील तर ते कदाचित क्लाउडवर नाहीतच.

आता खरी परीक्षा, आणि ही अजिबात टाळू नका. लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या कुणाच्या फोनवर ब्राउझरमध्ये त्याच खात्याने लॉगिन करून फोटो उघडा. अगदी जुना एक, मधला एक, कालचा एक, आणि एखादा मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. तिथे दिसतंय तेच क्लाउडवर आहे. आपल्याच फोनवर बघून काही कळत नाही, कारण तिथे फोनमधले आणि क्लाउडवरचे फोटो एकत्रच दिसतात.

एवढं झालं की ‘फ्री अप स्पेस’ दाबा. बॅकअप झालेल्यांचीच फोनमधली प्रत जाते, क्लाउडवरची राहते. फोटो निवडून कचरापेटीचं चिन्ह दाबणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याने फोटो दोन्हीकडून जातो. चुकून झालंच तर बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस असतो, लगेच परत आणा.

जागा मोकळी झाल्यावर ते फोटो बघायला नेट लागतं. म्हणून गाडीच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट, आधारकार्डाचा फोटो, आजीच्या औषधांची चिठ्ठी असं जे वाटेत लागेल ते परत डाउनलोड करून घ्या आणि विमान मोडवर उघडतंय का बघा. व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर बॅकअपला असेल तर तिथलेही फोटो फोनवरून जातात, मग चॅटमध्ये ते उघडत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपचं ओझं वेगळं उतरवा. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन ‘मॅनेज स्टोरेज’ उघडलं की ५ एमबीपेक्षा मोठ्या आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या मिळतात. सुप्रभातचे व्हिडिओ बेलाशक उडवा, घरच्या ग्रुपमधलं मात्र एकेक बघून.

आयफोनवाल्यांनी ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ (मूळ फोटो अ‍ॅपलच्या क्लाउडवर, म्हणजे आयक्लाउडवर, आणि फोनवर छोटी प्रत) चालू करावं, हाताने फोटो उडवू नयेत. आयक्लाउड फोटोज चालू असताना फोनवरून उडवलेला फोटो सगळीकडून जातो. फुकट जागाही तिथे ५ जीबीच.

आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ फोर-के या जड दर्जावर असेल तर १०८० पी या हलक्या दर्जावर आणा. आरतीचा व्हिडिओ फोनवर बघायला तेवढं पुरतं.