‘शक्ती’च्या मैफलीला निघण्यापूर्वी

ही यादी जानेवारी 2023मध्ये लिहिलेली आहे. इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि तबलावादक झाकिर हुसेन यांचा ‘शक्ती’ हा गट पन्नाशीच्या निमित्ताने पुन्हा मंचावर येत आहे. 2023च्या या जानेवारीत बंगळूर, मुंबई, कोलकाता आणि दिल्ली येथे त्यांचे कार्यक्रम आहेत, आणि तिकिटे हाती आल्यापासून आमच्या ओळखीतली साठीकडे झुकलेली शहाणीसुरती माणसे दहावीचा निकाल लागल्यासारखी एकमेकांना फोन करीत सुटली आहेत. या उत्साहाला माझा आक्षेप नाही. मीही त्यांच्यातलाच आहे. मात्र उत्साहाच्या भरात माणूस नेमके काय घरी विसरतो, हे मी 2000 सालच्या डिसेंबरात अनुभवले आहे, म्हणून ही यादी लिहीत आहे. तिच्यातली पहिली वस्तू आहे लांबचा चष्मा. तो मध्येही येईल आणि शेवटीही येईल. वाचून कंटाळा आला तरी चालेल, पण चष्मा घ्या.

तिकिटाबद्दल सांगायला नको. ते फोनमध्ये असेल तर फोन पूर्ण चार्ज करून न्यावा, आणि प्रवेशद्वारापाशी नेटवर्क मिळेलच असे गृहीत न धरता तिकिटाचे चित्र आदल्या दिवशीच जतन करून ठेवावे. ओळखपत्र घ्यावे. एवढे पुरे.

ऐकण्याच्या तयारीला मात्र किमान आठवडा द्यावा. मूळ ‘शक्ती’च्या अवघ्या तीन तबकड्या आहेत, त्याही 1976 ते 1977 या थोड्या काळातल्या, त्यामुळे वेळ नाही ही सबब चालणार नाही. पहिली तबकडी 1975च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील एका महाविद्यालयात प्रत्यक्ष कार्यक्रमातच ध्वनिमुद्रित झाली. तिच्यातली अठरा मिनिटांची पहिली रचना किमान तीनदा ऐकावी: एकदा गिटारसाठी, एकदा एल. शंकर यांच्या व्हायोलिनसाठी आणि एकदा केवळ तबला व घटम, म्हणजे वाद्य म्हणून वाजवला जाणारा मातीचा घडा, यांच्यासाठी. ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या आपल्या आधीच्या जॅझ-रॉक गटाचा कानठळ्या बसवणारा विजेचा कल्लोळ मागे ठेवून जॉन मॅक्लॉफ्लिन साध्या लाकडी गिटारीकडे वळले आणि झाकिर हुसेन, एल. शंकर व विक्कू विनायकराम यांच्यासोबत मांडी घालून बसले, तेव्हा त्यांच्या पाश्चात्त्य चाहत्यांना हा माणूस वाट चुकला असे वाटले होते. आपल्याकडे उलटे झाले. माझ्या मामाने परदेशातून आणलेली ती तबकडी घरी वाजली, तेव्हा आजोबांनी पेटीवरचा हात थांबवून ‘हा गोरा समेवर बरोबर येतो की रे’ एवढेच म्हटले, आणि आमच्या घरात तेवढे प्रमाणपत्र पुरेसे होते.

जुने ऐकून जाताना एक पथ्य पाळावे. त्या काळात मॅक्लॉफ्लिन यांच्याकडे खास बनवून घेतलेली गिटार होती. तिच्या पट्टीवर पडद्यांमधला भाग कोरून खोलगट केलेला होता, म्हणजे तार दाबून वीणेसारखी मींड काढता यावी, आणि मुख्य तारांच्या खालून तिरक्या जाणाऱ्या सात तरफेच्या, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या, तारा होत्या. ती गिटार या वेळी दिसेल म्हणून जाऊ नका. ते केव्हाच विजेच्या गिटारीकडे परतले आहेत. एल. शंकर यांच्या जागी आता गणेश राजगोपालन आहेत. घटम वाजवणाऱ्या विनायकराम यांचे चिरंजीव सेल्वागणेश कंजिरा, म्हणजे हातात मावणारी दाक्षिणात्य खंजिरी, घेऊन बसतात, आणि शंकर महादेवन यांची ओळख मराठी माणसाला करून देण्याची गरज नाही. ‘पूर्वीसारखे नाही’ हे वाक्य तोंडातून काढण्यासाठी एवढे पैसे मोजायचे असतील, तर घरीच बसून जुनी तबकडी लावलेली बरी.

आता चष्म्याकडे वळतो. 2000 साली ही मंडळी ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने मुंबईत वाजवून गेली. त्या वेळचे ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी बाजारातही आले. माझा नंबर तेव्हा उणे दीड होता. हा नंबर फार फसवा असतो. उणे पाचवाल्या माणसाला चष्म्याशिवाय उंबरठाही ओलांडता येत नाही, त्यामुळे तो कधी विसरत नाही. उणे दीडवाला मात्र जवळचे वाचताना चष्मा काढून ठेवतो, घड्याळ पाहून दचकतो आणि लोकल पकडायला तसाच धावतो. माझा चष्मा कचेरीतल्या टेबलावर, एका उघड्या फायलीवर पालथा राहिला. तो नाही हे मला खुर्चीत बसल्यावर आणि दिवे मंदावल्यावर कळले. बरीच मागची जागा होती. समोर रंगांचे काही ठिपके होते, त्यांतल्या एका ठिपक्याचे केस उडत होते म्हणून ते झाकिरभाई, एवढाच मला झालेला साक्षात्कार.

ऐकू सगळे येत होते, मग बिघडले काय, असे त्या वेळी मीही स्वतःला समजावले. दहाव्या मिनिटालाच पहिल्यांदा सगळे प्रेक्षक हसले आणि मला कळेना की झाले काय. सवाल-जवाब चालू होते. मॅन्डोलिनने काहीतरी टाकले, तबल्याने ते उचलले, आणि त्यांच्यामध्ये डोळ्यांनी किंवा भुवयांनी असे काही घडले, की माझ्या शेजारचे गृहस्थ मांडीवर थाप मारून पुढे झुकले. मी त्यांना विचारले, तर ‘अहो, बघा ना!’ म्हणाले. बघू कशाने? त्यानंतर दोन तास हेच चालले. या संगीतात लिहून ठेवलेले थोडे असते आणि ठरलेले त्याहून थोडे; कोण पुढे जाणार, तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, कोठून उचलायची, एका जणाचे वादन संपून मूळ चालीकडे सर्वांनी कधी परतायचे, हे नजरेने, मानेने आणि हसण्याने ठरते. ते न दिसणे म्हणजे पत्त्यांच्या डावात पाने न पाहता नुसता आवाज ऐकत बसणे होय.

त्या रात्री मॅन्डोलिनवर यू. श्रीनिवास होते. मांडीवर ते एवढेसे पाच तारांचे विजेवर चालणारे वाद्य, ज्याच्यावर कर्नाटक संगीत वाजू शकते हे त्यांनी लहान वयातच लोकांना दाखवून दिले होते. ते सुटाबुटातले परदेशी वाद्य त्यांच्या हातात नेसूचे धोतर नेसल्यासारखे घरचे होत असे, असे लोक सांगतात. मी लोकांचेच सांगणार, कारण मी त्यांची बोटे पाहिली नाहीत. पुढच्या खेपेला नीट पाहू, असे म्हणत राहिलो. 19 सप्टेंबर 2014 रोजी, वयाच्या 45व्या वर्षी, श्रीनिवास गेले. त्या वेळी नंबर वाढून उणे सव्वादोन झाला होता आणि चष्मा चोवीस तास नाकावर होता, पण त्याचा काय उपयोग? म्हणून पुन्हा लिहितो: लांबचा चष्मा.

या वेळी नक्की काय पाहायचे, तेही सांगतो. कंजिऱ्याकडे पाहा. फणसाच्या लाकडाचे वीतभर कडे, त्याला एका बाजूने ताणलेले कातडे आणि खाचेत झुळझुळणारी चकत्यांची झांज, एवढेच ते वाद्य असते. वाजवण्यापूर्वी कातड्याला आतून पाणी लावून त्याचा स्वर उतरवतात, आणि धरलेल्या हाताच्या बोटांनी कातडे दाबून त्याच्यातून घुमारा काढतात. एका हातात मावणाऱ्या वस्तूतून डग्ग्यासारखा आवाज येताना चष्म्याशिवाय पाहिले, तर तो आवाज तबल्याचाच समजून चालाल. मी तसा अर्धा तास चाललो होतो. झाकिरभाईंचा डावा तळवा डग्ग्यावर कसा सरकतो, ते पाहा. मॅक्लॉफ्लिन डोळे मिटून वाजवत असताना इतर चौघे त्यांच्याकडे कसे पाहत असतात, तेही पाहा. 4 जानेवारी 2023 रोजी मॅक्लॉफ्लिन यांना 81 वर्षे पूर्ण झाली. 2017 साली अमेरिकेत त्यांनी निरोपाचा दौरा केला, तेव्हा संधिवाताने धरलेल्या हाताची चर्चा सगळीकडे होती. त्यानंतर हा दौरा होतो आहे. लोक एवढे हरखून का गेले आहेत, ते एवढ्यावरून समजावे.

‘मोठे पडदे असतातच की’ असे मला दोघांनी ऐकवले आहे. पडद्यावर काय दाखवायचे ते तुम्ही ठरवत नाही, तर कॅमेऱ्यामागचा मुलगा ठरवतो, आणि कंजिऱ्याची तिहाई चालू असताना तो हमखास गायकाचा चेहरा दाखवतो. शिवाय मोठ्या पडद्यावरचे चित्र अनेकदा आवाजाच्या किंचित मागे असते. सम कानाला आधी लागते आणि डोळ्याला नंतर, यासारखा छळ नाही. तेव्हा पडद्याच्या भरवशावर राहू नये.

चष्म्याचे आणखी दोन पोटनियम आहेत. ज्यांना चाळिशीनंतर जवळचा आणि लांबचा एकत्र असलेला चष्मा लागला आहे, त्यांनी शक्य असल्यास निव्वळ लांबचा वेगळा जोड न्यावा, कारण मागे रेलून बसले की त्या एकत्र काचेचा नेमका चुकीचा भाग डोळ्यांसमोर येतो आणि मान आखडते. ज्यांना गर्दीत मास्क लावायचा आहे, त्यांनी नाकावरची पट्टी घट्ट दाबून बसवावी. धुरकटलेली काच आणि घरी राहिलेली काच यांत फरक नाही. पुसायला मऊ कापड घ्यावे. सदऱ्याच्या टोकाने पुसू नये.

ताल मोजण्याचा थोडा सराव करावा. तीनतालाची सम आणि खाली आपल्या हातात असते, पण येथे कर्नाटक पद्धतीची गणना आणि कोनक्कोल, म्हणजे तोंडाने म्हटले जाणारे बोल, सतत येतात, आणि पाच-सातच्या हिशेबात आपली बोटे लगेच गोंधळतात. जमले नाही तर गप्प बसावे. साताच्या चालीवर चाराच्या टाळ्या वाजवणारा एक तरी उत्साही प्रत्येक रांगेत निघतो. तो आपण होऊ नये. फर्माइशी ओरडू नयेत. फोनवर एक छायाचित्र काढून तो खिशात ठेवावा, कारण तुमच्या उंचावलेल्या हातामागे कोणीतरी बसलेले असते आणि त्याने कदाचित चष्मा आणलेला असतो.

कपड्यांविषयी फार लिहीत नाही. दिल्लीकरांनी जानेवारीच्या रात्रीला शोभेल असे सगळे घालावे, मुंबईकरांना साधी बाही पुरते, बंगळूरवाल्यांनी एखादी शाल जवळ ठेवावी. बूट सवयीचे असावेत. खाऊन जावे, मध्यंतरातल्या रांगेत उभे राहून पहिली रचना हुकवणारे लोक मी पाहिले आहेत. तासभर आधी पोचावे, म्हणजे जागा शोधणे, प्रसाधनगृह आणि घशाला कोरड हे सगळे दिवे मंदावण्यापूर्वी उरकते. वादक बैठकीवर असले की समोरच्याच्या डोक्याआड ते सहज दडतात, म्हणून जागा निवडण्याची मुभा असेल तर मधल्या वाटेकडेची खुर्ची घ्यावी.

परतीचे आधी ठरवावे. पुण्याहून मुंबईला येणाऱ्यांनी रात्री परतण्याचा हट्ट न धरता नातेवाइकांकडे मुक्काम टाकावा, किंवा रात्रीच्या बसचे आरक्षण करून ठेवावे. लोकलवाल्यांनी शेवटच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी. गाडी आणणाऱ्यांनी ती कोठे लावली ते लिहून ठेवावे. बाकीचे ज्याचे त्याने पाहावे.

चष्म्याचे दोन जोड मी कालच काढून ठेवले आहेत. एक माझ्या पिशवीत, डबीसकट, आणि दुसरा हिच्या पर्समध्ये. निघताना दाराशी ही मला विचारणार आहे, आणि मी खिसा न चाचपता नुसते ‘हो’ म्हटले तर मला बाहेर पडू द्यायचे नाही, असे आमचे ठरले आहे.